निलगिरीचा रुमाल

निलगिरीच्या तेलाचा वास आला की डोंबिवलीच्या फिल्म क्लबातली ती संध्याकाळ आठवते. जुन्या काळातला चिनी तलवारबाजीचा सिनेमा होता, माणसं हवेत उडत लढतात तसला. म्हाताऱ्या गुरूचा मान राखायला शिष्या हातातली तलवार टाकते, तिथे मला रडू फुटलं. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने निलगिरी शिंपडलेला आपला रुमाल मला दिला. तिचेही डोळे वाहत होते. नंतर चहा घेत एकेकाने मत सांगायचं असायचं. पहिले दोघे 'माणसं काय उडतात' म्हणून हसले. मग मैत्रीण म्हणाली, "मला तर हसू आवरेना. आणि ही चक्क रडत होती." सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओला रुमाल मुठीत दाबून मी म्हणाले, "सर्दी झालीय." तो रुमाल आजही माझ्याकडे आहे. तिने मागितला तरी द्यायचा नाही मला.