मोरिवलीच्या यार्डातली बिनहेडची गाडी

वडील गेल्यावर मोरिवलीचं यार्ड भावाच्या नावावर झालं. हक्कसोडीवर मी सही केली. कुणी गोड बोलून ती करून घेतली नाही. मला जागा नकोच होती. माझा गॅस्केट कापायचा कारखाना यार्डासमोर, गल्ली ओलांडली की लगेच आहे, आणि तो मला पुरतो. मला हवा होता यार्डातला ट्रक. सही करण्याआधी मी तसं सांगितलं होतं आणि भाऊ "घे की" म्हणाला होता. पुढे यार्ड भाड्याने द्यायचं ठरलं, जागा मोकळी हवी झाली, आणि हा मला न विचारता भंगारवाल्याला शब्द देऊन बसला.

हा ट्रक वडिलांनी लष्कराच्या लिलावातून आणलेला, विलायती बनावटीचा. त्याचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली आडवं झोपवलेलं आहे. सिलिंडर तीन, पिस्टन सहा. एकेका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोरून धावत येतात, मधे डिझेल पेटतं आणि दोघं परत फिरतात. त्यामुळे या इंजिनाला वर हेड नाही, व्हॉल्व्हही नाहीत. नवा मेकॅनिक आला की झाकण काढून आधी हेड शोधायचा. वडील त्याला शोधू द्यायचे, चहा मागवायचे आणि मग सांगायचे. आवाज असा, की गाडी बदलापूरच्या रस्त्याला लागली की आई घरात भात लावायची. वडील येईपर्यंत तो शिजलेला असायचा.

भंगारवाला येणार हे कळल्यावर मी यार्डात गेले.

"ताई, बारा वर्षं गाडी हलली नाहीये," भाऊ म्हणाला. "त्यात उंदीर राहतात."

"उंदरांना मी नोटीस देते. तू तुझा शब्द पाळ."

"बरं. रविवारी सकाळी भंगारवाल्याची हायड्रा क्रेन येणार आहे. तिने उचलायच्या आधी गाडी स्वतःच्या इंजिनवर फाटकाबाहेर गेली तर तुझी. नाही गेली तर कापू दे त्यांना, आणि परत विषय काढायचा नाही."

मी हो म्हटलं. त्या आठवड्यात कारखान्यातली कामं उरकून मी रोज त्या गाडीखाली होते. टाकी धुतली, डिझेलच्या नळ्या बदलल्या, गॅस्केट घरचीच कापली. मदतीला उल्हासनगर कॅम्प चारमधला एक मेकॅनिक घेतला. माणूस हुशार, पण तोंड सतत चालू. स्टार्टर जळलेला निघाला आणि तसा दुसरा कुठे मिळणार नव्हता. म्हणजे धक्का स्टार्ट.

वडिलांची शिस्त अशी, की गाडी नेहमी तोंड फाटकाकडे करून उभी करायची. यार्डाला उतार मात्र फाटकाकडून मागच्या भिंतीकडे. म्हणजे गाडी मागे सोडायची, रिव्हर्स टाकायचा आणि क्लच सोडायचा. साधी गोष्ट. मेकॅनिकला मी दोनदा सांगितलं, की हिचे गिअर वेगळे आहेत. आपल्याकडच्या गाड्यांत जिथे रिव्हर्स असतो तिथे हिचा पहिला गिअर आहे. "मॅडम, पच्चीस साल से यही कर रहा हूँ," म्हणत तो चढला.

रविवारी सकाळी भाऊ, भंगारवाला आणि त्याची हायड्रा क्रेन, सगळे हजर होते. ब्रेक सोडला, गाडी मागे सरकायला लागली. मेकॅनिकचा हात सवयीने जायचा तिथेच गेला, आणि पहिला गिअर पडला.

दुसरी कुठली गाडी असती तर हिसका देऊन थांबली असती. ही सुरू झाली. सगळे ओरडले. भंगारवाल्यानेसुद्धा टाळी वाजवली. मेकॅनिकने गिअर काढून रेस दिली आणि मला धूर दिसला. मागच्या सायलेन्सरमधून नाही, पुढच्या एअर फिल्टरमधून. गाडी मागे जाताना पुढे नेणारा गिअर पडला होता, म्हणून इंजिन उलटं फिरत होतं. या जातीच्या इंजिनाला त्याचं काही वाटत नाही, ते दोन्हीकडून फिरतं. पण ऑइलचा पंपही उलटा फिरतो, बेअरिंगला तेल पोचत नाही आणि बघता बघता सगळं जाम होतं.

"बंद कर!"

"अरे मॅडम, चालू झाली तर ओरडता काय?"

मी फुटबोर्डवर चढले आणि त्याच्या मांडीवरून हात घालून डिझेल बंद करायची गुंडी ओढली. इंजिन गप्प झालं. गाडी घरंगळत जाऊन मागच्या भिंतीला टेकली.

आता उतारच उरला नव्हता.

"झालं ताई," भाऊ म्हणाला. "उलटी का होईना, एकदा बोलली. आता हट्ट सोड."

मी भंगारवाल्याकडे वळले. "शेठ, तुमची हायड्रा हिला फाटकापर्यंत ओढेल?"

"ए, तसं नाही चालणार!" भाऊ मधे आला. "स्वतःच्या इंजिनवर, असं ठरलं होतं."

"फाटकाबाहेर स्वतःच्या इंजिनवर. फाटकाच्या आत ती सुरू कशी करायची ते मी ठरवणार. का आता अटही मागे घेतोस? तुला सवय आहे."

भंगारवाला हसला. "साईं, बहन से मत उलझो. वैसे भी निकालना तो है ही. खींचो रे!"

मेकॅनिक परत चढायला लागला, त्याला मी खाली उतरवलं आणि स्वतः बसले. साखळी ताणली, गाडी चढाला लागली. दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. एक हिसका, दुसरा हिसका, आणि तो कडकडाट झाला. पत्र्याच्या शेडवर कुणी पहार आपटत सुटावं तसा. मी आधी एअर फिल्टर बघितला: स्वच्छ. धूर मागे. ऑइलचा काटा थरथरला आणि वर चढला. मी गिअर काढून हँडब्रेक ओढला, रेस मात्र सोडली नाही. साखळी निघाली, हायड्रा बाजूला झाली.

भाऊ फाटकात उभा राहून काहीतरी बोलत होता. हात हलत होते, तोंड हलत होतं, पण मला अक्षरही ऐकू येत नव्हतं. कदाचित नवीन अट असेल. मी त्याला हातानेच बाजूला हो म्हटलं. त्याने बोलणं सोडलं, कानांवर हात ठेवले आणि सरकला.

गाडीच्या कागदपत्रांची मुदत कधीच संपलेली, त्यामुळे ती लांब गेलीच नाही. गल्ली ओलांडून माझ्या कारखान्याच्या आवारात, एवढंच. इंजिन बंद केलं तेव्हा शेजारच्या नव्या बिल्डिंगच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवरच खाली आले.

"मॅडम, हा आवाज आता रोज येणार का?"

"रोज नाही," मी म्हटलं. "दर रविवारी, सकाळी."

ते आणखी काही बोलणार होते. मी आत जाऊन पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि डॅशबोर्डवर गिअरांचा नकाशा काढायला बसले. मेकॅनिकला समोर उभं करून प्रत्येक गिअर त्याच्याच तोंडून वदवून घेतला.