माझ्या ओसरीवरच्या बबिताबाई

बबिताबाईंबद्दल मला फारसं माहीत नाही. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरच्या, डीएड झालेल्या, चहात साखर कमी घेणाऱ्या, एवढंच. दोन हिवाळे त्या रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर शिकवायला आल्या, पण त्यांच्या घरचं मी कधी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आमच्या राजूरजवळच्या वीटभट्टीवर दिवाळीनंतर छत्तीसगडहून कुटुंबं येतात आणि पावसाआधी परततात. त्यांच्या मुलांना इथं मराठी शाळा, गावाकडे हिंदी. दोन्हीकडे ती मागं पडतात. बाई म्हणत, "इंग्रजी दोन्हीकडं तेच आहे काका. तेवढं तरी त्याईच्या संगं जाईन." एका संस्थेनं त्यांना पाठवलं होतं. बसायला जागा नव्हती, म्हणून मी ओसरी दिली.

दुसऱ्या हिवाळ्यातल्या मुलांत जमनी नऊ वर्षांची. शाळेत ती तोंडच उघडत नसे, म्हणून तिला पुन्हा पहिलीत बसवलं होतं, सहा वर्षांच्या पोरांत. मुख्याध्यापक म्हणाले होते, जानेवारीत तिच्याशी बोलून बघतो, उत्तरं दिली तर तिसरीत घेऊ. ओसरीवर ती थोडंथोडं बोलू लागली होती.

एक दिवस बाईंची एसटी चुकली. मला वाटलं, तोवर आपण शिकवावं. माझे गुरुजी आम्हाला करत तसं मी मुलांना ओळीनं उभं केलं. मातीचं ढेकूळ हातात धरून जमनीला विचारलं, हे काय?

"माटी," ती म्हणाली.

"इंग्रजीत सांग, नाहीतर गप बस."

ती गप बसली. आठ दिवस गपच.

"काका, त्या दिवशी काय शिकवलं तुमी?" बाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"मी तांड्यावरून शाळेत गेलती, तवा आईले याडी म्हणे. गुरुजी म्हणत, आई म्हण, नाहीतर गप बस. मी वर्षभर गप बसली. म्हणून माह्या इथं घरचा शब्द पयले. इंग्रजी त्याच्या मागून येते."

"मग आता कसं करावं?"

"आता तुमी विद्यार्थी. बसा चटईवर. पाय दुखते म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भट्टीवरून एक जुना लाकडी साचा, घमेलंभर चिखल आणि थोडी रेती आणवली. जमनीनं मला वीट पाडायला शिकवायचं, असं ठरलं. ती बोलेना. मी आपला एकटाच लागलो. पहिली वीट मोडली. दुसरी साच्यातून निघेचना. मुलं हसायला लागली. जमनीला शेवटी राहवलं नाही.

"अरे बबा, रेती नइ डारे!"

बबा म्हणजे आजोबा, म्हणजे मी. चिखल भरण्याआधी साच्याला आतून रेती लावायची असते, ती मी टाकलीच नव्हती. बाई हळूच म्हणाल्या, "सँड." मग असाच एकेक शब्द त्या देत गेल्या, आणि जमनी मलाच हुकूम सोडू लागली.

"फर्स्ट सँड, बबा. देन मड. प्रेस. प्रेस! नॉट लाइक रोटी!"

जानेवारीत बाईंनी मलाही शाळेत नेलं. "चुकले तुमी, तर बसा बी तुमीच." ती ओसरीवर इंग्रजी शिकते हे ठाऊक असल्यानं मुख्याध्यापकांनी इंग्रजीतच विचारलं, वडील काय करतात? जमनी खाली बघत राहिली. बाईंनी तिला काहीच सुचवलं नाही. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"माटी," ती म्हणाली. मुख्याध्यापक थांबले. "मड. फर्स्ट सँड, देन मड. प्रेस. लिफ्ट. ड्राय इन सन."

त्यांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, आणि हजेरीपट ओढून तिचं नाव तिसरीत लिहिलं.

मे महिन्यात भट्टी बंद झाली. तिसरीचं प्रगतिपुस्तक पिशवीत घालून जमनी गावी गेली. बाईंना संस्थेनं झरी जामणीकडे पाठवलं. शेवटच्या संध्याकाळी मला पुष्कळ बोलायचं होतं. त्या चपला घालत होत्या.

"काका, चटई आत घ्या. कुत्रं बसते."

"घेतो. साचा राहू देऊ?"

"राहू द्या. दिवाळीनंतर नवी बाई येईन, तिले लागन."

"चहा टाकू?"

"नको, एसटी जाईन."