गाडी ॲव्हरेज देईना तेव्हा

माझे वडील सोनपेठजवळच्या आमच्या गावात एका बागायतदाराकडे ड्रायव्हर होते. सगळं गाव त्या बागायतदाराला मालक म्हणायचं, आम्हीही. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी मालक स्वतः माझ्यासोबत कॉलेजात आले, ओळखीच्या माणसाला भेटले आणि मला वसतिगृहात जागा मिळवून दिली. ते उपकार मी आजही नाकारत नाही. नाकारता आले असते तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

आता मी परभणीत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. गाडीला स्कॅनर जोडायचा, इंजिनातले सेन्सर काय आकडे दाखवतात ते वाचायचं आणि दोष शोधायचा, हे माझं काम.

दिवाळीनंतर मालकाची गाडी ॲव्हरेज देईनाशी झाली. पेट्रोल भरलं की चार दिवसांत काटा खाली. सोनपेठच्या बाजारात मालकाचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी दुकानापुढे खुर्च्या टाकून गावोगावची माणसं बसतात. तिथं मालक म्हणाले, “गाडी लय पेट्रोल खायलीय आजकाल.”

“गाडी खायलीय का गाडीवाला?” एकजण म्हणाला. सगळे हसले. दुसऱ्यानं पुढं जोडलं, “मालक, एकदा विहाराच्या बाजूला चक्कर मारा. कुनाकुनाच्या मोटारसायकली फुकट पळायल्यात ते दिसंल.”

बुद्धविहाराच्या बाजूला आमची वस्ती. वडील तिथंच गाडीला टेकून उभे होते. मालकही हसले. दुसऱ्या दिवशी टाकीला कुलपाचं झाकण बसलं आणि त्याची चावी मालकाच्या खिशात गेली.

वडिलांनी मला फोन केला. एरवी ते जेवलास का एवढंच विचारतात. त्या दिवशी म्हणाले, “तुझ्या त्या मशीनला खोटं बोलता येतं का?”

“नाही.”

“मग रविवारी घेऊन ये. मला दुसरं काई नको. त्याच लोकांपुढं मालकानं म्हनावं, ह्यानं चोरी केली न्हाई. बास.”

रविवारी मी मालकांची परवानगी घेतली. ते म्हणाले, “बघ की. शिकलास कशाला मग?” आधी मी साध्या गोष्टी तपासल्या. टायरमधली हवा बरोबर होती, एअर फिल्टर स्वच्छ होता, ब्रेक कुठं धरत नव्हते, टाकी किंवा पाइप गळत नव्हता. मग स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. आकडे मोबाइलवर येऊ लागले. वडील चालवायला, मी शेजारी, मालक मागं, असे आम्ही गंगाखेडच्या रस्त्याला लागलो. थंडी होती आणि उसाचे ट्रॅक्टर समोरून येत होते.

इंजिन चालू झालं की आतलं पाणी तापत जातं, ऐंशी अंशांच्या पुढं जातं आणि तिथंच टिकतं. या गाडीत ते साठच्या आसपास आलं आणि अडलं. रस्ता मोकळा मिळाला, वडिलांनी वेग वाढवला, तसा आकडा वर जायच्या ऐवजी खाली यायला लागला. ऑक्सिजनचा सेन्सरही पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जळतंय असंच सांगत होता. मी मोबाइल मागं धरून मालकांना दाखवला. म्हणालो, “इंजिन गरमच होईना. गाडीच्या संगणकाला वाटतं ते आत्ताच चालू झालंय, म्हणून तो सारखं जास्तीचं पेट्रोल सोडतोय.”

परत येऊन इंजिन निवल्यावर मी थर्मोस्टॅटची जागा उघडली. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती एक छोटी झडप असते. जागा रिकामी होती.

“ते मीच काढायला लावलं व्हतं,” मालक शांतपणे म्हणाले. “उन्हाळ्यात गाडी तापायली व्हती. मिस्त्री म्हनला, ते थंड मुलखातलं सामान हाय, आपल्याकडं त्याचं काम न्हाई.”

आमच्या भागात पुष्कळ गाड्यांमधून ती झडप अशीच काढून फेकली जाते. उन्हाळ्यात तिच्यावाचून भागतं, पण थंडी पडली की इंजिन पुरेसं तापत नाही. झडप काढली त्या आठवड्यात वडील चारठाण्याला लग्नाला गेले होते, त्यांना याचा पत्ता नव्हता. मी वडिलांकडे पाहिलं. ते हसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सुट्टी काढून नवी झडप आणली आणि दुकानाशेजारीच बसवली. खुर्च्या भरलेल्या होत्या. मी हात पुसत उभा राहिलो तसा मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“बघा, हे मी शिकवलेलं पोरगं. नुसतं मोबाइलात बघून गाडीचा रोग सांगितला.”

लोकांनी माना हलवल्या. मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. मालकांनी चहा सांगितला.

“मालक,” मी म्हणालो, “म्हणजे पेट्रोल कुणी खाल्लं नव्हतं. तेवढं ह्यांना सांगता का?”

मालकांनी खांद्यावरचा हात काढला. “अरं, कोन म्हनलं खाल्लं? घरच्या मानसाची चेष्टा बी करू न्हाई का?”

“ज्यानं शिकवलं त्यालाच जाब इचारायलाय,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा तसंच हसणं झालं. चहा आला. मला आणि वडिलांनाही दिला. वडिलांनी तो घेतला नाही.

संध्याकाळी त्यांनी गाडीची किल्ली दुकानाच्या काउंटरवर ठेवली आणि चालत घरी आले. आई म्हणाली, थोडं सोसायचं. ते म्हणाले, “सोसलं की.” आता ते गंगाखेडला एका शाळेची गाडी चालवतात.

मालकांनी भावकीतला एक ड्रायव्हर ठेवला. झडप बसल्यामुळं गाडी पूर्वीसारखं ॲव्हरेज देऊ लागली. ती देणारच होती.

गेल्या महिन्यात गंगाखेडहून सोनपेठला येताना एसटीत शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बोलता बोलता त्या दुकानाचा विषय निघाला. ते म्हणाले, “ड्रायव्हर बदलला तशी गाडी सुधारली बघा. मालकानं पोलिसात न्हाई दिलं त्याला, नुसतं काढलं. लय मोठं मन हाय.”

मी त्यांना सगळं सांगितलं. पाणी किती तापायला हवं, किती तापत होतं, झडप कुणी काढायला लावली, नवी कधी बसवली. मी वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकाला सांगतो तसं सावकाश, एकेक करून सांगितलं. त्यांनी मध्येच न तोडता ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुमी त्यायचे कोन?”

“मुलगा.”

“मग बराबर हाय,” ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.