खड्ड्यातून टाकलेला मेसेज

आमच्या राइस मिलमधला खड्डा पुरुषभर खोल आहे, पण त्या दुपारी तो मला पाताळाच्याही एक मजला खाली वाटला. ट्रॅक्टरमधलं धान त्या खड्ड्यात पडतं आणि लोखंडी वाट्या लावलेला उभा पट्टा ते उचलून वर मशीनकडे नेतो. पट्टा एकदा धावायला लागला की कोणाचं ऐकत नाही. एकदा त्याने एका हमालाचा खांद्यावरचा दुपट्टा ओढून नेला. तो दुपट्टा तांदळासोबत पॉलिश होऊन पोत्यात निघाला, असं मी सगळ्यांना सांगतो. निम्मं खरं आहे.

मिल मोहाडीच्या रस्त्याला, माझी आणि माझ्या साडूची भागीदारीत. माणसं मोजकीच: ऑपरेटर, ट्रकचा ड्रायव्हर, हिशेब पाहणाऱ्या बाई आणि हंगामापुरते हमाल. पूर्वी सगळा कारभार ओरडून चालायचा. मी गेटवरून हाक मारली की पलीकडच्या करडी गावातल्या बैलांचे कान उभे राहायचे. खड्ड्याचा मात्र कायदा वेगळा होता. आत उतरणाऱ्याने आपल्या चपला मेन स्विचखाली काढून ठेवायच्या. चपला दिसल्या की ऑपरेटर स्विचला हात लावत नसे. हे कोणी ठरवलं ते कोणालाच ठाऊक नाही.

मग साडूभाऊ नागपूरला लहान धंदेवाल्यांच्या एका शिबिराला गेले आणि परत आले ते आमचे साडूभाऊ राहिलेच नव्हते. जातानाचा माणूस तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचा, आलेला माणूस ‘टीम’ म्हणायचा. त्यांनी व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढला. काय सांगायचं ते ग्रुपवर, ओरडाओरड बंद. स्विचखाली चपला म्हणजे ही मिल आहे की मंदिर, असं विचारून त्यांनी चपलांना दाराशी रॅक केला. माझा घसा वाचला म्हणून मीही खूश. थोड्याच दिवसांत ग्रुपवर इतके गुलाब उगवले की त्यातून धानाचा भाव शोधायला कोयता लागावा.

त्या दिवशी सकाळपासून विजेची लाइन नव्हती. हमाल जेवायला गेले होते आणि खड्ड्यात ओलं धान अडकलं होतं. म्हटलं, लाइन येईपर्यंत मोकळं करून ठेवू. ढेकळं फोडायला पाना घेतला आणि शिडीवरून उतरलो. आधी पोट उतरलं, मागून मी. नियमाप्रमाणे ग्रुपवर टाकलं: ‘मी खड्ड्यात आहे. पट्टा चालू करू नका.’ लगेच अंगठा आला. निश्चिंत होऊन मी गुडघाभर धानात उभा राहिलो आणि वाट्यांच्या मधे हात घातला.

तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब लागला.

लाइन आली की आमच्याकडे लहान पोरंसुद्धा ओरडतात. मी आधी वाट्यांमधला हात बाहेर ओढला. बल्बच्या उजेडात मोबाईल पाहिला, तर अंगठा ड्रायव्हरचा होता. ड्रायव्हर तुमसरला ट्रक खाली करत होता. तिकडे बसून त्याने माझ्या जिवाची हमी घेतली होती. त्याखाली हिशेबाच्या बाईंचे जोडलेले हात; त्या रजेवर. ऑपरेटरने मेसेज पाहिलाच नव्हता.

त्याला फोन लावला, बंद. साडूला लावला, ते दुसऱ्या कोणाशी बोलत होते. ओरडलो, पण वर ट्रॅक्टर सुरू होता आणि त्याच्यावरची गाणी अशी, की आंबागडाच्या किल्ल्याचे चिरे निसटावेत. शिडीकडे वळलो तर धानाने पाय धरले. जितका ओढावा तितका खाली. मग मी अंगठा दाबून धरून व्हॉइस मेसेज रेकॉर्ड केला. ड्रायव्हरचा आणखी एक अंगठा आला.

आणि पट्टा हलला. हातभरच. आमचा ऑपरेटर सुरू करण्याआधी एक झटका देऊन बंद करतो, पट्टा घसरतो का ते पाहायला. दुसऱ्यांदा बटण दाबलं की मग सुरूच. अंगाला घासून वर गेलेल्या वाटीने माझी बाही दंडापर्यंत फाडली होती. बायको आठवली नाही, देव आठवला नाही. फक्त ते दुसरं बटण आठवत होतं. हातातला पाना आपोआप पट्ट्याभोवतीच्या पत्र्याच्या खोक्यावर बसायला लागला. कारध्याच्या पुलावरच्या लोकांनी गाड्या थांबवल्या असतील, असा बडवला. तो पत्रा वर ऑपरेटरच्या कानाशीच जातो.

पत्र्यातूनच आवाज आला.

“कोन आहे बे आत?”

“मी आहो.”



“भाऊ, तुमी? चपला तं नाही दिसून राहिल्या.”

“ग्रुपवर टाकलं ना मी.”

“माहा मोबाईल सकाळपासून बंद आहे. लाइन कुठं होती चार्ज कराले?”

त्याने मेन पाडला, खाली येऊन काखेत हात घालून मला ओढलं. दोघं पोत्यावर बसलो. साडूभाऊ फोन कानाला लावून आले आणि काम सोडून काहून बसले म्हणून विचारू लागले.

संध्याकाळी चहाला ऑपरेटर त्यांना म्हणाला, “भाव ग्रुपवर टाका, गाडी निघाली तं टाका, गुलाबाचं फूल टाका. पन मानूस आत उतरून राहिला तं मले तोंडानं सांगा. मी हो म्हनल्याबिगर कोनी शिडीले हात नाही लावायचा.” साडूभाऊ शिबिरातलं काही सांगणार होते. माझी बाही पाहून त्यांनी बशीत चहा ओतला. मेनला कुलूप आलं. किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात, आणि एक माणूस काठावर बसलेला.

मी खड्ड्याकडे बरेच दिवस फिरकलो नाही. मग हमाल लग्नाला गेले असताना धान पुन्हा अडकलं. कुलूप स्वतः ओढून पाहिलं, किल्ली खिशात चाचपली, तरी पहिल्या पायरीवरून परत जाऊन कुलूप पुन्हा ओढलं. ऑपरेटर काठावर बसला.

“बोलत राहा भाऊ. भाजी कायची होती आज?”

“वांग्याची.”

“झणझणीत होती?”

“हो.”

“वहिनीनं केली का तुमीच?”

माझ्या तोंडात कोंडा गेला होता. उत्तराला जरा उशीर झाला.

“भाऊ?” त्याचा आवाज चिरकला. “ओ भाऊ?”

कोंडा गिळून मी ओरडलो, “आहो ना बे, आहो.”