ठेका सोडू नकोस

मला आजही कुणी म्हटलं ना, ‘उसमें क्या है, कोई भी अच्छा सा गाना लगा दो,’ की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कोई भी! अरे, कोई भी कसं? पोरांच्या ताटात वाढताना म्हणता का, काहीही वाढा म्हणून? तिथे मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेता. आणि कानात काय ओतायचं ते मात्र कोई भी!

मी तेव्हा नोएडातल्या एका नव्याकोऱ्या खाजगी शाळेत नाच शिकवत होते. शाळा कसली, काचेचा महालच तो. एका बाजूला मोहरीचं शेत, दुसऱ्या बाजूला म्हशी, आणि मधोमध गारेगार लॉबीत कारंजं. आम्ही राहायचो दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. पहाटे डबे भरून मी चार्टर्ड बस पकडायची आणि यमुना ओलांडून तिथे पोचायची. देशात नवं वारं आलं होतं, घरोघरी केबल आली होती आणि शाळांना अचानक ‘क्रिएटिव्हिटी’ हवी झाली होती. म्हणून दर शनिवारी वेळापत्रकात एक तास पडला: फ्री डान्स. म्हणजे आपल्या मनानं नाचायचं. कुणी शिकवलेल्या स्टेप्स नाहीत, गिरवणं नाही.

पहिल्या शनिवारसाठी मी मुलांनाच म्हटलं, तुमच्या आवडीच्या कॅसेट आणा. हौस भारी! त्या वर्षीची सगळी हिट गाणी वर्गात जमा झाली. गाणं लावलं मात्र, आणि तीस पोरांनी एकाच वेळी एकच कंबर हलवली. दिल म्हटलं की छातीवर हात. नजर म्हटलं की डोळ्यांपुढे बोटं. तीस पोरं आणि तीस कॉप्या! दहा वर्षांची चिमुरडी पडद्यावरच्या बाईसारखा ओठ चावते, आणि मागे उभी असलेली तिची क्लास टीचर टाळ्या वाजवते. मला तर शरमच वाटली. म्हटलं, ह्याला मनानं नाचणं म्हणायचं तर पोपटाला कीर्तनकार म्हणायला हरकत नाही.

तेव्हापासून मी ठरवलं, शब्द बंद. गाणं मुलांच्या ओळखीचं नको. ते मध्येच संथ व्हायला हवं, मध्येच थांबायलाही हवं, कारण आवाज थांबला की पोर काय करतं त्यातच खरी गंमत असते. असं काही बाजारात तयार मिळत नाही हो! पालिका बाजारात कॅसेटवाल्याला ‘बिना बोल का’ म्हटलं तर त्यानं माझ्या हातात त्याच हिट गाण्यांचं कराओके ठेवलं. कपाळ माझं. मग मी घरातला टेपरेकॉर्डर पिशवीत घालून हिंडायला लागले. शेजारच्या बंगाली बाबूंची बासरी भरून घेतली. आमच्या यांच्या ऑफिसातल्या एकांचा मृदंग घेतला. गणपतीच्या दिवसांत पहाडगंजात लेझीम चालली होती, तिथे टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि नुसती हलगी आणि लेझमीची छनछन भरून आणली. वीस मिनिटं. मध्ये एक कुत्रं भुंकलंय, एक बाई ‘अगं, प्रसाद घे’ म्हणतेय. ते मी तसंच ठेवलं.

माझ्या वर्गात एकच मराठी मुलगी होती. अकरा वर्षांची. वडील परभणीकडचे, नुकतेच बदली होऊन आलेले. आधीच्या शाळेत ती मराठीतून शिकलेली, आणि इथे सगळं फाडफाड इंग्रजी. एकदा वर्गात धडा वाचताना चुकली, पोरं हसली, त्यानंतर तिनं तोंडच मिटलं. हजेरीलाही नुसता हात वर. प्रगतिपुस्तकावर प्रत्येक बाईनं तेच लिहिलेलं: भाग घेत नाही.

हलगी लावली आणि ती मुलगी उठली. मला सांगताही येत नाही नीट. आधी नुसत्या टाचा. मग गुडघे. मग हात असे गेले की जणू दोन्ही बाजूंना कुणीतरी तिला बोलावतंय आणि तिला दोघांकडेही जायचंय. मध्ये टेपमधली ती बाई ‘प्रसाद घे’ म्हणाली तर हिनं नाचता नाचता ओंजळ पुढे केली! तास संपल्यावर माझ्याजवळ आली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलली, “मॅम, नेक्स्ट टाइम पण हे वालं लावाल ना?”

लावलं. दर शनिवारी लावलं. ती रंगात आली की कधी कधी घाई करायची, तेव्हा मी मागून ओरडायची, “ठेका सोडू नकोस! ठेका धर!” आमच्याकडे ठेका म्हणजे ताल, हे तिला कळत होतं. बाकीच्या पोरांना मजा वाटायची. ती पण एकमेकांना ओरडायला लागली, ठेका पकडो, ठेका मत छोड़ो! मी आपली खूश. वाटलं, चला, दिल्लीकर पोरांच्या तोंडी एक मराठी शब्द बसला.

वार्षिक समारंभात तिला एकटीला तीन मिनिटं मिळाली. फ्री डान्स, हलगीवर. तिची आई सांगत होती, पोरगी झोपेतसुद्धा पाय हलवते. शाळेपुढे तिला एकदा उभं राहायचं होतं, तोंड न उघडता. तिचं सगळं त्या तीन मिनिटांत होतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

समारंभाला आठ दिवस उरले आणि मला कोऑर्डिनेटर मॅडमनी बोलावलं. समोर पालकांच्या सहा चिठ्ठ्या.

“आप बच्चों से क्या कहती हैं? ठेका मत छोड़ो?”

“हो, म्हणजे, जी हाँ. ताल.”

“आपको पता है ना यहाँ ठेका किसे कहते हैं?”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शाळेच्या गेटपासून शंभर पावलांवर दारूचं दुकान होतं, देसी शराब का ठेका, आणि तो उठवायला सोसायटीवाल्यांनी महिनाभर सह्या गोळा केल्या होत्या. आई-बाप फलक घेऊन ‘ठेका हटाओ’ करताहेत आणि घरात पोरगं म्हणतंय, मॅम कहती हैं ठेका मत छोड़ना! ‘ध’चा ‘मा’ करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे तेवढीही तसदी न घेता माझी दारूवाली झाली. मला आधी हसूच फुटलं. पण मॅडम हसत नव्हत्या.

मी समजावलं. तबल्यातसुद्धा ठेकाच म्हणतात हो. त्या म्हणाल्या, “मुझे मालूम है. मैंने ख़ुद कथक सीखा है.”

मालूम है! ऐकलंत? बाईंना सगळं ठाऊक होतं! न कळणाऱ्याला माफ करता येतं, पण कळूनसवरून मान हलवणाऱ्याचं काय करायचं? “पर पेरेंट्स को कौन समझाए? वो कैसेट रहने दीजिए. बच्ची को कोई अच्छा सा गाना दे दीजिए, जो सब जानते हों. चीफ़ गेस्ट भी एन्जॉय करेंगे.” एक शब्द खुपला म्हणून हलगी गेली. हलगीनं काय घोडं मारलं होतं? पत्रक काढून दोन ओळीत खुलासा करता आला असता. पण फी भरणाऱ्यांना ‘तुमचं चुकलं’ म्हणायची त्या काचेच्या महालात कुणाची छाती नव्हती.

माझीसुद्धा नव्हती, हेही सांगून टाकते. माझी नोकरी कच्ची होती, आणि पक्कं करायची शिफारस ह्याच मॅडम करणार होत्या. मी मूग गिळून बाहेर आले.

मुलीला गाणं मी निवडलं नाही, त्यांनीच दिलं. दिलवालंच होतं. आठ दिवसांत मी तिला स्टेप्स बसवून दिल्या. मी! जी वर्षभर गिरवणं नको म्हणून घसा कोरडा करत होते. तिनं एकदाच विचारलं, “मॅम, ते वालं का नाही?” मी म्हटलं, “हे पण छान आहे ग.”

समारंभाच्या दिवशी साउंडवाल्यानं दोन्ही कॅसेट हातात धरून मला विचारलं, “मैडम, कौन सी?” हलगीची माझीच होती, सरावाच्या वेळची त्याच्याकडे राहिलेली. नुसतं बोट दाखवायचं होतं मला. पुढच्या रांगेत मॅडम मागे वळून माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, “जो लिस्ट में है, वही.”

तिनं एक स्टेप चुकवली नाही. दिल आलं, छातीवर हात. नजर आली, डोळ्यांपुढे बोटं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, चीफ गेस्टनी उठून टाळ्या दिल्या, कुणीतरी ‘वन्स मोर’ ओरडलं. तिची आई पदरानं डोळे पुसत होती. अशी टाळी तिच्या वाट्याला त्या शाळेत पहिल्यांदाच आली होती, आणि ती कुणा दुसऱ्याच बाईच्या कमरेला मिळाली होती.

विंगेत मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, “काय सुंदर नाचलीस ग!”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मोठं माणूस खोटं बोलताना सापडलं की मुलं जशी बघतात, तशी.

“मॅम,” ती म्हणाली, “मी तर नाचलेच नाही.”

तेवढ्यात तिची आई आली. मी त्यांच्याकडे वळले आणि म्हटलं, “मोठी गुणी आहे हो मुलगी तुमची. सांगाल ते ऐकते.”