कौलांतून वर गेलेला हीर

आमच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम चाललंय. कामगाराने वरून हाक मारून विचारलं, "आजी, नेमकं गळतंय कुठे?" स्लॅबवरच्या ओल्या डागाकडे बघत आई पुटपुटली, "आता हीर खंयसून घालू?" स्लॅबला फट कुठून असणार!

आणि मी आमच्या वालावलच्या जुन्या कौलारू घरात जाऊन पोचले. चैत्रातली दुपार. पावसाळ्याआधी बाबा छपरावर बसून कौलं परतताहेत. खाली काळोख्या माजघरात फुटक्या कौलांतून उन्हाचे कवडसे उतरलेत, त्यांत धूळ तरंगतेय. आई शिडीवर उभी राहून एकेका फटीतून हीर, म्हणजे माडाच्या झावळीची काडी, वर सारते. काडी दिसली की बाबा तिथलं कौल बदलतात, आणि खालचा एक कवडसा विझतो.

सगळं मुक्यानेच. या शाकारणीपायी बाबांनी तिला मावसबहिणीच्या लग्नाला जाऊ दिलं नव्हतं, म्हणून तिने अबोला धरला होता.

शेवटच्या फटीतून तिने सारलेला हीर वरच्या वर ओढला गेला. खाली आला तो सुरंगीची फुलं ओवूनच. झाड छपरावर ओणवलेलंच होतं. माजघरभर वास दाटला.

"आता तरी बोल गो!" वरून बाबा म्हणाले.

कौल सरकलं. काळोख झाला, आणि त्या काळोखात आई हसली. मला एकही फूल दिलं नाही म्हणून मी केवढी रुसले होते!

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. कामगार पुन्हा विचारतोय. आई अजून वरच बघतेय.