हक्कसोड

"यांना कळतं ना?" बँकेतल्या साहेबानं विचारलं. मला नाही, माझ्या भावाला. मी दोघांच्या मध्ये उभी.

"कळतं, कळतं. तुम्ही अंगठा घ्या," दादा म्हणाला.

कुणीतरी माझा हात धरला. विचारलं नाही, सांगितलं नाही. अंगठा शाईत दाबला, कागदावर दाबला, सोडून दिला. कसला कागद, कुणी बोललं नाही. शाई पुसायला काही मिळतंय का म्हणून मी चाचपत होते, तर वहिनी म्हणाली, "वन्सं, हात लांब धरा हो, माझी साडी नवीन आहे." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी माझ्याच पदराला हात पुसला. अंगाची नुसती आग झाली.

मी आंधळी आहे. लहानपणी तापात डोळे गेले. भाषणात आम्हाला काय काय गोड नावं देतात, घरात आंधळीच म्हणतात. वसईजवळ गिरीजला आमच्या बापाची वाडी आहे. आई-बाप दोघंही गेलेले. केळी, नारळ, पालेभाजी. भाजी खुडून आली की जुड्या मी बांधते. माठ कुठला, मेथी कुठली, हाताला कळतं. वर्षानुवर्षं बांधतेय. तरी पाहुणे आले की दादा सांगणार, "हिला मीच सांभाळतो." आणि पाहुणे म्हणणार, "देवमाणूस हो तुमचा भाऊ." देवमाणूस म्हणे!

विरारला आमच्यासारख्या मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा दादानंच मला पाठवलं. त्याला वाटलं, मेणबत्त्या-बिणबत्त्या करायला शिकवतील. तिथं शिकवायचे हक्क. शिकवणाऱ्या मॅडमही आंधळ्याच. धडे फोनवर, बोलणारे. आणि एक लाकडी पाटी. तिच्यावर सुतळी चिकटवून घर, रस्ता, शेत, सगळं हाताला लागेल असं केलेलं. पहिल्या दिवशी एक आजोबा भडकले, "ही काय बालवाडी आहे?" मलाही तसंच वाटलं होतं.

एका रविवारी मॅडमनी ती पाटी माझ्यापुढे ठेवली. "ही वाडी. बाप वारला, काही लिहून ठेवलं नाही. आई आधीच गेलेली. मागं एक मुलगा, एक मुलगी. वाटणीची सुतळी टाका बघू."

मी झटकन टाकली. मॅडमनी तिच्यावरून हात फिरवला. मुलीच्या बाजूला बोटभर कोपरा होता.

"इथं ती काय करणार?"

"तिला काय लागतंय? दोन घास खाईल, पडून राहील."

बोलले खरी. हे माझं बोलणं नव्हतं. दादाचं होतं, वहिनीचं होतं, अख्ख्या आळीचं होतं. आणि माझ्या तोंडून किती सहज निघालं! स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. मॅडम एवढंच म्हणाल्या, "कायद्यात दोघांना सारखं आहे." मी सुतळी उचलली आणि मध्यावर नेली.

तिथून पुढं चैन पडेना. जुड्या बांधताना कानात फोनवरचा तोच धडा. बहिणीचा वाटा. हक्कसोड कशाला म्हणतात. कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. संपला की पुन्हा पहिल्यापासून. वहिनी शेजारणीला सांगायची, "वन्संना भजनाचं वेड लागलंय बाई." मी आपली मान डोलवायची.

मग वाडीसाठी बिल्डर फेऱ्या मारायला लागला. दादाचा आवाज एकदम गोड झाला. "उद्या वसईला जायचंय. घराच्या दुरुस्तीचा कागद आहे, तुझा अंगठा लागतो."

नोंदणीच्या कचेरीत पुन्हा कुणीतरी माझा हात धरला. मी मूठ आवळली आणि हात ओढून घेतला.

"साहेब, कागद आधी वाचून दाखवा. पहिल्यापासून. मोठ्यानं."

"अगं, घरगुती कागद आहे, वाचायचं काय त्यात?" दादा म्हणाला.

साहेबांनी त्यालाच विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"मला विचारा," मी म्हटलं. "मी मराठीतच बोलतेय."

साहेब वाचायला लागले. वाचता वाचता आलं, "सदर मिळकतीतील माझा हक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहे."

"स्वखुशीनं? कुणाच्या खुशीनं? मला तर दुरुस्तीचा कागद सांगितलाय!"

दादा कानाशी आला. "तमाशा करू नकोस. मी ठेवलंय म्हणून आहेस."

"तू ठेवलेलं नाहीस. बापाच्या घरात राहते मी. अंगठा देणार नाही." हे मी त्याच्या कानात नाही बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, तसं झालंय आता. माझी चूल वेगळी. माझ्या येण्याजाण्याच्या वाटेत बादल्या, पाट, खुर्च्या. चुकून राहतात म्हणे. मी आपटते, शिव्या घालते, उठते. आळीतल्या बायका समजावायला येतात, "भावाशी वैर कशाला घेतेस? वाटा मागितला की माहेर तुटतं." अगं बायांनो, मला सासर तरी कुठाय? हेच एक घर आहे, आणि तेच माझ्या पायाखालून विकायला निघाले होते.

परवा दादानं वहिनीकरवी निरोप धाडला, एकाच छपराखाली राहून. "विहिरीमागचा तुकडा घ्या वन्सं, आणि विषय संपवा."

नाही संपवत. वाटणीचा दावा लावलाय मी. आज ना उद्या मोजणी होईल. येऊ दे मोजणीवाल्यांना. नकाशा त्यांनी दादाला दाखवावा, मला जमीन दाखवावी. हद्दीचा दगड कुठं बसतो, ते मी सगळी वाडी चालून, हातानं चाचपून बघणार. अर्ध्यावर नसला, तर तिथल्या तिथं उपटायला लावणार.